आराखड्यात आमच्या हवेलाही जागा द्या : नगररचनाकारांना खुले पत्र

सर्व नगररचनाकार, वास्तुरचनाकार आणि विकास आराखड्यांना मंजुरी देणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

एखाद्या वस्तीचा विकास आराखडा आपण हाती घेता, तेव्हा आपल्यासमोर बरेच कागद जमा झालेले असतात. जमिनीचे चढउतार, रस्त्यांची रुंदी, सांडपाण्याच्या वाहिन्या, पूररेषा, लोकसंख्येचे अंदाज, जमिनीची मालकी. हवामानही त्यात असते, पण ते बहुधा एका पानाच्या कोष्टकात मावलेले असते: कमाल तापमान, किमान तापमान, सरासरी पाऊस, वाऱ्याची प्रमुख दिशा. त्या जागी राहणाऱ्या माणसांना तिथल्या हवेत, उन्हात, पावसात आणि आसपासच्या परिसरात काय आवडते, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी विचारलेलाच नसतो. तो आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी विचारला जावा, मिळालेली उत्तरे नकाशावर नोंदवली जावीत आणि पूररेषा ओलांडताना जसा विचार करावा लागतो तसा त्या नोंदी ओलांडतानाही करावा लागावा, एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही मागणी आपल्याला हळवी वाटण्याची शक्यता आहे. आवडनिवड ही ज्याची त्याची बाब, तिचा नकाशाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण कोणाही माणसाला त्याच्या राहत्या जागेविषयी बोलते केले तर त्याची उत्तरे किती नेमकी असतात, हे लगेच लक्षात येते. सुरुवातीला तक्रारी येतात; उकाडा, चिखल, धूळ, डास. त्या ओसरल्या की दुसरे बोलणे सुरू होते. दुपार कलली की या बोळातून वारा सुटतो. थंडीत या पायरीवर दहा वाजेपर्यंत कोवळे ऊन असते. पाऊस येणार असला की समोरची टेकडी आधी निळसर होते आणि मग दिसेनाशी होते. पहाटे धुके असते तेव्हा दूरच्या रेल्वेचा आवाज जवळ आल्यासारखा वाटतो. या प्रत्येक वाक्यात ठिकाण आहे, ऋतू आहे, दिवसाची वेळ आहे. आपले कोष्टक जे सांगू शकत नाही तेच हे लोक सांगत असतात, आणि मोजमापाच्या भाषेत लिहिलेले नसले तरी ते मोजता येण्याजोगे असते.

शिवाय माणसे केवळ सौम्य हवेवरच प्रेम करतात असे नाही. नॉर्वेतल्या बर्गन शहरात वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथले लोक आपल्या पावसाविषयी तक्रार आणि अभिमान एकाच दमात व्यक्त करतात. वाळवंटाच्या काठावर वाढलेल्या माणसाला कोरड्या हवेतली रात्रीची स्वच्छता दमट प्रदेशात गेल्यावर आठवत राहते, तर दमट किनाऱ्यावर वाढलेल्याला कोरड्या प्रदेशात कातडी ताणल्यासारखी वाटते. जिथे बर्फ पडते तिथली मुले पहिल्या बर्फाची वाट पाहतात, मग पुढचे चार महिने मोठ्यांना ते उपसावे लागले तरी. जगात सर्वोत्तम हवामान कोणते, या वादात म्हणूनच मला रस नाही. प्रत्येक जागेच्या हवेला स्वतःचा स्वभाव असतो आणि तिथे राहणारी माणसे त्या स्वभावाशी जुळवून घेता घेता त्याच्यावर माया करू लागतात.

आता त्या कोष्टकाविषयी. हवामान केंद्रात तापमापक ठेवतात तो जाळीदार झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. ती मोकळ्या जागी, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर उभी करतात, म्हणजे थेट ऊन, जमिनीची धग किंवा भिंतीचा आडोसा यांचा परिणाम न होता केवळ हवेचे तापमान कळावे. जगभरच्या नोंदींची तुलना करता यावी म्हणून ही काळजी आवश्यकच आहे. जागतिक हवामान संघटनेच्या शिफारशीनुसार सरासरी काढतात ती 30 वर्षांची. सध्या त्यासाठी 1991 ते 2020 हा काळ धरला जातो. पण पाहा, त्या पेटीतून काळजीपूर्वक वगळलेल्या गोष्टी कोणत्या? ऊन, वारा, जमिनीचा ओलावा, भिंतीची ऊब, झाडाची सावली. माणसाला आपल्या जागेत जे आवडते ते जवळजवळ सगळे पेटीबाहेर राहिले. त्यावर वर्षाची सरासरी काढली की दिवसाच्या वेळा आणि ऋतूंची उलटापालटही नाहीशी होते. दोन गावांची सरासरी दशांशापर्यंत सारखी असू शकते आणि तरीही एका गावातली संध्याकाळ हवीहवीशी, तर दुसऱ्या गावातली कोंदट असू शकते.

हा बदल, हा चढउतार किती महत्त्वाचा असतो यावर शरीरशास्त्रात जुने काम आहे. मिशेल काबानाक या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1971 मध्ये मांडले की एखादा स्पर्श सुखद वाटेल की त्रासदायक, हे शरीराच्या आतल्या स्थितीवर ठरते. अंग तापलेले असताना हात गार पाण्यात घातला तर बरे वाटते. अंग गारठलेले असताना तेच पाणी, त्याच तापमानाचे, नकोसे होते. उन्हातून आलेल्या माणसाला सावलीत जे सुख मिळते ते दिवसभर एकाच तापमानाच्या खोलीत बसलेल्याला मिळत नाही. पुढे 1998 मध्ये रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रॅगर यांनी वेगवेगळ्या देशांतल्या 160 इमारतींमधल्या सुमारे 21,000 नोंदी एकत्र करून तपासल्या. ज्या इमारतींच्या खिडक्या उघडतात आणि ज्यांत राहणाऱ्यांना त्या उघडता येतात, तिथे माणसांना तापमानाचा कितीतरी मोठा पल्ला सुखावह वाटतो आणि तो पल्ला बाहेरच्या ऋतूबरोबर सरकतो, असे त्यांना आढळले. बंदिस्त, वातानुकूलित इमारतींतल्या माणसांची सहनशीलता मात्र अरुंद झालेली होती. 2004 साली अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने हे निष्कर्ष आपल्या मानकातही घेतले. याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. माणसाला बाहेरच्या हवेशी नाते ठेवू दिले तर तो तिच्याशी जुळवून घेतो. ते नाते तोडले तर त्याला यंत्राशिवाय चालेनासे होते, आणि ते यंत्र आतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीसमोर टाकते.

डोंगराच्या उतारावर किंवा पायथ्याशी वसलेल्या वस्तीचे उदाहरण मी थोडे विस्ताराने देतो, कारण नकाशावर काहीही न दिसता एखाद्या वस्तीची लाडकी गोष्ट कशी जाते, हे त्यातून स्पष्ट होते. आकाश निरभ्र असेल तर सूर्य मावळला की उताराची जमीन आपली उष्णता वर टाकू लागते आणि भराभर निवते. तिला टेकलेला हवेचा थर तिच्याबरोबर गार होतो, गार झाल्यामुळे जड होतो आणि पाण्यासारखा उताराने खाली सरकू लागतो. या वाऱ्याने झाडांचे शेंडे हलत नाहीत. तो जमिनीलगत येतो. दारात उभ्या असलेल्या माणसाला गारवा आधी घोट्यांशी जाणवतो, मग पोटऱ्यांना, आणि चेहऱ्याभोवतीची हवा निवायला बराच वेळ जातो. घळी, ओढे आणि पायवाटा हे त्याचे मार्ग असतात. रहिवाशांना यामागचे शास्त्र ठाऊक नसेल, पण कोणती खिडकी किती वाजता उघडायची, तान्ह्या मुलाला कोणत्या भिंतीकडे निजवायचे आणि म्हाताऱ्या माणसाने उशिरापर्यंत कुठे बसू नये, हे त्यांना पक्के माहीत असते. दिवसभराच्या उकाड्यानंतर ती हवा दारात येते तो क्षण हा त्या वस्तीत राहण्याच्या सुखातला फार मोठा भाग असतो.

हा प्रवाह बऱ्याचदा काही मीटर जाडीचाच असतो. त्याला अडवायला गगनचुंबी इमारत लागत नाही. उताराला आडवी घातलेली सलग कुंपणभिंत, भराव टाकून उचललेला रस्ता, एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या इमारतींची एक रांग, एवढे पुरते. भिंतीच्या वरच्या अंगाला गार हवा साचून राहते आणि खालच्या घरांची रात्र तापलेलीच राहते. आराखड्यात त्या भिंतीची नोंद तिच्या लांबी-उंचीपुरती असते. तिच्यामुळे कोणाचे काय गेले ते कुठेही लिहिलेले नसते, कारण जे गेले ते आधी कुठे लिहिलेच नव्हते.

हे टाळता येते. जर्मनीतले श्टुटगार्ट शहर खोलगट खोऱ्यात वसले आहे आणि तिथे वारा मुळात मंद असतो. त्या नगरपालिकेने 1938 सालीच शहराच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी हवामानतज्ज्ञ नेमला होता. भोवतालच्या टेकड्यांवरून गार हवा कोणत्या वाटांनी शहरात उतरते, याचे नकाशे तिथे तयार झाले आणि त्या वाटा बांधकामापासून मोकळ्या ठेवण्याचा विचार नियोजनात मुरला. हाँगकाँगने 2003 च्या सार्सच्या साथीनंतर दाट वस्तीतल्या हवेच्या वहनाकडे गांभीर्याने पाहिले, आणि मोठ्या सरकारी प्रकल्पांत इमारतींमुळे वारा कसा अडेल याचे मूल्यांकन करण्याची पद्धत घातली. किनाऱ्यावरच्या शहरांना याची गरज विशेष असते. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री उलट होऊन मतलई वारे सुटतात. पहिल्या रांगेत समुद्राकडे तोंड करून उंच इमारतींची सलग फळी उभी केली, तर खारा वारा त्या रांगेतल्या घरांच्या मालकीचा होतो आणि मागची शेकडो घरे त्याला मुकतात. तो वारा आजवर सगळ्यांचा होता.

सगळ्यांत आधी जातो तो रात्रीचा गारवा. ल्यूक हॉवर्ड या हौशी हवामान-अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये आणि लंडनबाहेर रोजच्या नोंदी ठेवल्या, तेव्हाच त्याला दिसले होते की शहराची रात्र बाहेरच्या रात्रीपेक्षा उबदार असते. डांबर, काँक्रीट आणि विटा दिवसभर उष्णता साठवतात. दोन्ही बाजूंनी उंच भिंती असल्या की रस्त्याला आकाश थोडेच दिसते आणि साठलेली उष्णता वर टाकायला वाव राहत नाही. त्या थंड देशात हे कदाचित सुसह्य असेल. उष्ण प्रदेशातल्या माणसाला मात्र रात्र हीच काय ती उसंत असते, आणि तीच त्याच्याकडून काढून घेतली जाते.

सावलीविषयी आपल्या कागदांत फार ढोबळपणे लिहिलेले असते. चौरस मीटरांत मोजली की सावली ती सावली. पण भर दुपारी पत्र्याच्या छपराखाली पाच मिनिटे उभे राहावे आणि मग डेरेदार झाडाखाली जावे. दोन्हीकडे ऊन अंगावर पडत नाही, हवेचे तापमानही फारसे वेगळे नसते. तरी पत्र्याखाली डोक्यावर धग जाणवते, कारण तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता फेकत असतो. झाडाचे पान पाणी बाहेर टाकते, ते पाणी वाफ होताना पानाची उष्णता घेऊन जाते आणि पान हवेइतपतच उबदार राहते. शिवाय पानांच्या थरांतून वारा वाहत असतो. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. फेरीवाला, वाहतूक पोलीस, बांधकामावरचा मजूर, शाळेतून पायी घरी येणारी मुले, यांच्या डोक्यात त्या त्या रस्त्याचा सावलीचा नकाशा तासातासाप्रमाणे असतो. एखादे जुने झाड तोडून त्याच्या बदल्यात दूर कुठेतरी दहा रोपे लावण्याची परवानगी देताना त्या नकाशातून काय पुसले जात आहे, हे त्यांना विचारावे असे मला फार वाटते.

पहिल्या पावसाचा वास हीदेखील जागेची देणगी आहे. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1964 मध्ये दाखवले की कोरड्या काळात वनस्पतींतली तेले खडकांत आणि मातीत मुरतात आणि ओलावा मिळताच हवेत सुटतात. त्यात मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी बनवलेला जिओस्मिन हा पदार्थ मिसळतो. त्याचे प्रमाण एक लाख कोटी भागांत मोजके काही भाग इतके कमी असले तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले की थेंब सच्छिद्र जमिनीवर पडला की त्याच्या तळाशी बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि तो वास तुषारांबरोबर हवेत उडवतात. मोठ्या सरीपेक्षा हलक्या आणि मध्यम पावसात हे अधिक घडते. म्हणजे या वासाला उघडी, सच्छिद्र माती लागते. सगळे अंगण फरशीने बंद केले, पदपथ कडेपर्यंत काँक्रीटने भरला, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आणले, की पाऊस तोच पडतो पण तो वास येत नाही. पाणी मुरण्याचा मुद्दा आपण जाणताच. हा मुद्दा त्याच्या शेजारी लिहिला जावा.

उन्हाच्या बाबतीत कायद्याने काही करता येते, याचे उदाहरण जपानचे आहे. तिथल्या शहरांत उंच इमारती वाढल्या तशा शेजारच्या घरांवर दिवसभर सावली पडू लागली आणि रहिवासी न्यायालयांत गेले. अखेर 1976 मध्ये इमारत कायद्यात सुधारणा झाली. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, बहुतेक प्रदेशांत सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात, नव्या इमारतीची सावली शेजाऱ्यांच्या जागेवर किती तास पडू शकते याच्या मर्यादा त्यातून ठरल्या. हा विचार मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात एका विशिष्ट ऋतूतले, विशिष्ट वेळेचे ऊन हे माणसाचे मानले आहे. थंडीत पाठ शेकत बसायला, कपडे वाळवायला, अंथरुणाला ऊन दाखवायला जे तास लागतात त्यांना किंमत दिली आहे. उष्ण प्रदेशात हाच कायदा उलटा करून उन्हाळ्यातल्या सावलीचे तास राखता येतील.

आवाज आणि गंध यांची तर अधिकृत नोंदसुद्धा झालेली आहे. जपानच्या पर्यावरण खात्याने 1996 मध्ये जतन कराव्यात अशा 100 ध्वनिस्थळांची यादी लोकांकडून सूचना मागवून केली आणि 2001 मध्ये 100 गंधस्थळांची. ओखोत्स्क समुद्रातल्या वाहत्या हिमखंडांचा आवाज त्या पहिल्या यादीत आहे. फ्रान्समध्ये एका कोंबड्याच्या आरवण्यावरून सुट्टीपुरते येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला होता. 2019 मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला आणि जानेवारी 2021 मध्ये तिथे ग्रामीण भागातले आवाज आणि गंध यांना वारशाचा भाग मानणारा कायदा झाला. अशा याद्या आणि कायदे प्रत्येक देशात जसेच्या तसे व्हावेत असा माझा आग्रह नाही. पण जी गोष्ट हातात धरता येत नाही तिचीही सरकारी नोंद होऊ शकते, एवढे त्यांतून नक्की ठरते.

आणि अशा नोंदीचा उपयोग पुढे कसा होईल हे आज सांगता येत नाही. जपानमधल्या सुवा सरोवराची कथा आपल्याला ठाऊक असेल. कडाक्याच्या थंडीत ते गोठते, रात्री बर्फ आकसून त्याला भेगा पडतात, भेगांत आलेले पाणी गोठते आणि दिवसा बर्फ प्रसरण पावला की त्या भेगेवर बर्फाची वरंबी उभी राहते. एका काठावरचा देव पलीकडच्या देवीला भेटायला गेला, त्याच्या पावलांनी ती वाट उमटली, अशी तिथली श्रद्धा आहे. म्हणून पुजाऱ्यांनी 1443 पासून दर हिवाळ्यात ही वाट उमटली का, कधी उमटली, हे लिहून ठेवले. त्यांना हवामानशास्त्र करायचे नव्हते. त्यांना आपल्या सरोवराची ओढ होती. त्या नोंदींनुसार पहिल्या अडीचशे वर्षांत सरोवर गोठले नाही असे हिवाळे केवळ तीन होते, आणि 1955 ते 2004 या 50 वर्षांत तसे बारा हिवाळे गेले. पृथ्वीच्या तापमानवाढीचा इतका जुना, इतका सलग पुरावा फार थोड्या ठिकाणी आहे, आणि तो मायेपोटी ठेवलेल्या वहीतून आला आहे.

नोंद नसेल तर काय होते, तेही सांगायला हवे. ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणी पसरल्या तेव्हा तिथल्या लोकांचे दुःख ग्लेन अल्ब्रेक्ट या तत्त्वज्ञाने अभ्यासले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात त्यावर लिहिले. त्या लोकांचे घर गेले नव्हते. ते आपल्याच घरात राहत होते, पण भोवतालचा परिसर ओळखू येईनासा झाला होता, आणि घरी असूनही त्यांना घराची आठवण येत होती. हे दुःख नुकसानभरपाईच्या कोणत्याही अर्जात बसत नाही. रकान्यात भिंत असते, छप्पर असते, झाडांची संख्या असते. पहाटेच्या धुक्याला किंवा टेकडीमागून येणाऱ्या पहिल्या किरणाला रकाना नसतो. म्हणून असे नुकसान झालेला माणूस बोलू लागला की त्याला हळवा ठरवले जाते, आणि काही काळाने तो बोलणे सोडून देतो.

आपल्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. लोकांना घरे हवी आहेत, परवडणारी हवी आहेत, कामाच्या जवळ हवी आहेत. जुन्या रहिवाशांच्या आवडीचे निमित्त करून नव्या माणसांना दाराबाहेर ठेवले जाते, असेही जगात अनेक ठिकाणी घडले आहे, आणि या पत्राचा तसा वापर कोणी करू नये. त्यासाठी कोणाला विचारायचे हे जपून ठरवावे लागेल. ज्यांच्या घराला समुद्र दिसतो त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आधीच पोचलेला असतो. भाड्याने राहणारे, पत्र्याच्या घरात राहणारे, उघड्यावर काम करणारे, घरातून फारसे बाहेर न पडणारे वृद्ध, यांना वारा आणि सावली यांचा हिशेब सर्वांत बारकाईने माहीत असतो, कारण त्यांच्याकडे दुसरा इलाज नसतो. ज्यांना दिसत नाही अशा माणसांनाही अवश्य विचारा. वारा कोणत्या कोपऱ्यावर गालाला लागतो, मोकळे मैदान कुठे सुरू झाले हे आवाजावरून कसे कळते, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही.

एकाची आवड दुसऱ्याची गैरसोय असते, हाही आक्षेप खराच आहे. कोणाला धुके प्रिय असते, तर पहाटे गाडी चालवणाऱ्याला ते धोक्याचे वाटते. अशा ठिकाणी नोंदीमुळे वाद मिटणार नाही. वाद कशाविषयी आहे ते मात्र कळेल. आज तो वाद होण्याआधीच एका बाजूने निकाल लागलेला असतो.

गेलेले परत आणता येते का, असे विचाराल तर कधी कधी येते, पण फार खर्च करून. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, एक ओढा रस्त्याखाली झाकला गेला होता आणि त्यावर उन्नत महामार्ग बांधला होता. 2003 पासून तो महामार्ग पाडण्यात आला आणि 2005 मध्ये सुमारे 5.8 किलोमीटर लांबीचा ओढा पुन्हा उघडा झाला. उन्हाळ्यात त्याच्या काठची हवा जवळच्या समांतर रस्त्यांपेक्षा काही अंशांनी थंड असल्याचे मोजमापात आढळले आणि लोक तिथे बसायला येऊ लागले. मात्र तिथे वाहणारे बरेचसे पाणी पंपाने आणावे लागते. मूळ ओढा राखला असता तर या दोन्ही खर्चांची गरज पडली नसती.

तेव्हा प्रत्यक्ष काय करावे, याविषयी माझे म्हणणे साधे आहे. आराखड्याचे काम सुरू होताना वस्तीत एक वर्षभर नोंदवही फिरू द्यावी, कारण एका ऋतूत विचारलेल्या प्रश्नाला एकाच ऋतूचे उत्तर मिळते. उत्तरात जागा, महिना आणि वेळ असावी. शाळेतल्या मुलांना सावलीची लांबी आणि वाऱ्याची दिशा मोजायला द्यावी. ती हे काम मोठ्यांपेक्षा मन लावून करतात. ज्या गोष्टींचा उल्लेख अनेकांच्या बोलण्यात येईल त्या साध्या उपकरणांनी तपासाव्यात आणि नकाशावर दाखवाव्यात: गार हवेची वाट, थंडीतल्या उन्हाची जागा, दुपारच्या सावलीचा रस्ता, रात्री तारे दिसतात असा कोपरा, पावसाचे पाणी साचून बेडूक ओरडतात ते डबके. मग प्रत्येक प्रस्तावासोबत त्या नकाशावर काय परिणाम होईल ते एका पानात लिहून मागावे. प्रस्ताव नाकारलाच पाहिजे असे नाही. कित्येकदा इमारत थोडी फिरवली, दोन इमारतींत वाऱ्यापुरते अंतर ठेवले, भिंतीऐवजी जाळीचे कुंपण घातले, तळमजला खांबांवर मोकळा सोडला, तरी काम भागते. हे बदल कागदावर असतानाच करता येतात, बांधकामानंतर नाही.

शेवटची विनंती बैठकीविषयी आहे. हरकती आणि सूचना ऐकण्याची सभा बहुतेक वेळा कामाच्या दिवशी दुपारी, खिडक्या बंद असलेल्या सभागृहात होते. ज्यांना सर्वांत जास्त माहीत आहे ते त्या वेळी कामावर असतात, आणि ज्याविषयी बोलायचे ते सभागृहाबाहेर असते. पुढच्या आराखड्याची पहिली बैठक आपण त्या वस्तीतच, उघड्यावर, दिवस मावळण्याच्या सुमारास ठेवावी आणि तिची सूचना निदान पंधरा दिवस आधी प्रत्येक घरी पोचेल असे पाहावे. नोंदवही त्याच वेळी लोकांच्या हाती द्यावी.

आपला नम्र,
एक रहिवासी